आबांनी दाढीचं क्रीम का टाकलं

मैत्रिणींनो, आज सकाळी वडिवळ्याला माहेरी गेले, तर आबांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. माझे वडील रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात, त्यामुळे ते लवकर थांबेना.

अंगाच्या साबणानेच दाढी करत होते. त्याचा फेस लगेच सुकतो आणि ब्लेड ओढलं जातं, म्हणून मागच्या महिन्यात मी क्रीम आणून दिलं होतं.

"क्रीम का नाही लावलं?" कापूस दाबत मी चिडूनच विचारलं.

आबा म्हणाले, "दोन डाव त्यानंच दात घासलं गं. दोनी ट्यूबा सारख्याच दिसत्यात मला. मग दिलं टाकून."

"मला सांगायचं ना!"

"काय सांगू? तू डोळ्याच्या दवाखान्यात नेशील, आन् ते आपरेशन सांगतील."

दुपारी कामशेतहून वाटीतला दाढीचा साबण आणि ब्रश आणला. तो निदान हाताला ओळखू येईल. दवाखान्याला मात्र आबा अजून तयार नाहीत. आरशात स्वतःचा चेहरा तरी दिसतो का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तुम्ही घरच्यांना कसं तयार केलंत?