सासऱ्यांसाठी बिनवायरचा कीबोर्ड

सासरे बाथरूममध्ये घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि कांदिवलीच्या आमच्या घरात त्यांचा पलंग हॉलमधल्या खिडकीखाली आला. कम्प्युटर समोरच्या भिंतीला. दुपारी त्यावर दशावतारी नाटकं लावून बघायची, ही त्यांची जुनी सवय. स्क्रीन आम्ही पलंगाकडे वळवली, पण कीबोर्ड आणि माऊसच्या वायरी तिथवर पोचेनात. त्यामुळे नाटक थांबवायचं झालं तरी मला हाक मारावी लागायची. एकदा मी आंघोळीला गेले आणि मधेच कसलीशी लांबलचक जाहिरात सुरू झाली. ती त्यांनी शेवटपर्यंत मुकाट ऐकली. गिरणीत अख्खं खातं ज्यांच्या आवाजाला दचकायचं, त्यांना असं गप्प पडलेलं बघून मला कसंतरीच झालं.

मी बोरिवलीला स्टेशनजवळच्या दुकानात गेले. म्हटलं, बिनवायरचा कीबोर्ड आणि माऊस द्या.

"ब्लूटूथवाला की डोंगलवाला?" दुकानदाराने विचारलं.

"कम्प्युटरला चालेल असा."

"दोन्ही चालतात, ताई. कम्प्युटर कुठला आहे तुमचा?"

"काळा," मी म्हटलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

मग त्याने समोर डबेच डबे मांडले. कशाला सेल लागतात, कशाला चार्जिंग. एकाचा माऊस वेगळा घ्यायचा, एकाचा जोडीनेच येतो. मी नवऱ्याला फोन लावला, तर तो मीटिंगमध्ये. "तू बघ ना गं, जो बरा वाटेल तो घे," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. दुकानदाराने एक कीबोर्ड माझ्याच मोबाइलला जोडून त्यावर टाइप करून दाखवलं, माऊसही चालवून दाखवला. डोळ्यांदेखत चालतोय म्हटल्यावर मी तीच जोडी उचलली.

घरी सासऱ्यांनी कीबोर्ड हातात घेऊन उलटापालटा केला.

"अगो, ह्येची वायर खंय?"

"वायर नाही बाबा. असाच चालतो."

"मगे कम्प्युटराक कळतला कसां? आमच्या मागावर सूत तुटलां तर माग थांबायचो. हयसर तर सूतच नाय."

मला तरी कुठे माहीत होतं! मी दोन्हींची बटणं चालू केली, माऊस त्यांच्या हाताशी ठेवला, "दाबून बघा" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. पाणी कधी येणार ते विचारायला बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहू लागले, तर माझ्या अक्षरांच्या मधे भलतीच इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. मी बोट उचललं, तरी ती येतच होती. फोन हॅक झाला! बँकेचं सगळं फोनवर! ते पुसायच्या गडबडीत माझं बोट नको तिथे पडलं आणि मेसेज ग्रुपवर गेला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण धावत थेट स्वयंपाकघरात आली. "बरी आहेस ना गं? काय लिहिलंयस ते?"

"मी नाही लिहिलं! फोन आपोआप लिहितोय."

हॉलमधून सासरे ओरडले, "अगो, थंय कायच येणा नाय! मी इतक्यो कळो दाबतंय!"

शेजारणीने माझा फोन हातात घेतला. "अगं, हा बाण कसला?" फोनच्या स्क्रीनवर बारीक काळा बाण इकडून तिकडे पळत होता. मी दारातून हॉलमध्ये डोकावले. सासरे कम्प्युटरकडे बघत माऊस जोरजोरात फिरवत होते. त्यांचा हात डावीकडे गेला की फोनवर बाण डावीकडे.

"हलता काय?" त्यांनी विचारलं.

"हलतंय बाबा, पण इकडे!"

शेजारीण ओट्याला टेकून हसत सुटली. मला हसू आलं ते बऱ्याच वेळाने.

संध्याकाळी नवरा आला. "अगं, आपल्या जुन्या कम्प्युटरला ब्लूटूथ आहेच कुठे? दुकानात तुझ्या फोनला जोडलं, ते तसंच राहिलं."

"मग दुपारी फोनवर सांगायचं होतंस ना!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. दुकानदाराने कुरकुर केली, पण बदलून दिलं. या वेळी डोंगलवाली जोडी. डोंगल म्हणजे नखाएवढा तुकडा, तो कम्प्युटरच्या मागे खोचायचा. घरी खोचला आणि कीबोर्ड लगेच चालला. माऊस मात्र जागचा हलेना. मी डोंगल काढला, घातला, सेल बदलले. परत बोरिवलीला जायच्या विचाराने रडूच येऊ लागलं. मग सासरे ताटासाठी पलंगावर ठेवलेल्या पाटाकडे हात करून म्हणाले, "तो पाट हाड हयसर." मी पाट जवळ दिला, त्यांनी माऊस गोधडीवरून उचलून त्यावर ठेवला आणि बाण सुळकन सरकला.

गोधडीवर का चालत नव्हता, ते मला अजून कळलेलं नाही. नवऱ्याने रात्री जेवताना सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांचं ऐकावं तसं आम्ही दोघांनी माना डोलावत ऐकून घेतलं. "बरां," सासरे म्हणाले, आणि पाट जवळ ओढून त्यांनी नाटक लावलं. राक्षसाची एन्ट्री त्यांनी मागे नेऊन तीनदा पाहिली.