पुढची सीट

आमच्या गल्लीत मासळी घेऊन येणारी मावशी मासळीचा भाव सांगण्याआधी कुणाच्याही दारात उभ्या असलेल्या गाडीचा भाव विचारते. अलिबागमध्ये रोज चालवायला छोटी गाडी घ्यायची म्हणून मी अ‍ॅव्हरेज, हप्ता, सर्व्हिसिंग यांचे आकडे मांडत बसलो होतो, तेव्हा तर तिने मला सोडलंच नाही. "ठरली काय दादा? का हिशोबातच म्हातारा होतंस?"

गाडी तिलाच हवी आहे. मासळीच्या पाटीला वास येतो म्हणून रिक्षावाले तिला मागच्या कोपऱ्यात बसवतात. कधीकधी बसवतच नाहीत.

परवा शोरूमचा माणूस चालवून बघण्यासाठी गाडी दारात घेऊन आला. मावशीने पाटी आमच्या पायरीवर ठेवली, डिकी उघडायला लावली आणि हाताने आतली खोली मोजली. "दोन पाट्या ऱ्हातान," ती म्हणाली. मग आमच्या नळावर तिने साबणाने हात धुतले, वास घेऊन पाहिला आणि पुन्हा धुतले.

"पुढं बसू?"

शोरूमचा माणूस माझ्याकडे बघू लागला. मी पुढचं दार उघडलं आणि त्याला मागे बसायला सांगितलं.

ती पाठ न टेकता बसली. हात मांडीवर ठेवले, कशालाही लावले नाहीत.

"कुठे जायचं, मावशी?"

"रिक्षा स्टँडवरशी ने. काच खाली कर. आन् हलू चालव."

स्टँडवर सगळे वळून बघत होते. ती मात्र सरळ समोर बघत राहिली. मी दुसरा गिअर टाकलाच नाही.