सहपत्रासह

ईमेलला जोडलेला एकही कागद आजवर डाऊनलोड न केलेला माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि तो आमच्या करी रोडच्या चाळीत माझ्या समोरच्या खोलीत राहतो. या काकांची सगळी नोकरी एका कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. पत्राला जोडून आलेल्या कागदाला ते आजही 'सहपत्र' म्हणतात, आणि सहपत्र मूळ पत्रापासून वेगळं करणं हा त्यांच्या लेखी गुन्हा आहे. त्यामुळे विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, काका ती मेलमध्येच उघडतात, पडद्यावर भिंग धरून वाचतात आणि 'आपले पत्र सहपत्रासह मिळाले' असं उत्तर धाडतात. वीज कंपनीलासुद्धा. चाळीच्या पुनर्विकासाचा मसुदा आला तेव्हा सगळे छापील प्रती घेऊन सभेला आले. काका लॅपटॉप छातीशी धरून. मध्येच वायफाय गेलं. 'थांबा, माझं सहपत्र गेलं,' असं म्हणून त्यांनी सभा पाऊण तास अडवली, आणि गंमत म्हणजे सगळे थांबलेही.

काकू गेल्यापासून त्यांना मनापासून वाट पाहावी असं पत्र येतं ते फक्त कॅनडातल्या लेकीचं. गेल्या वर्षी तिने लिहिलं, 'बाबा, दिवाळीला येतेय. तिकीट जोडलंय.' आणि तिकीट जोडायलाच विसरली.

'फोन करून विचारा की काका,' मी म्हटलं.

'फोनवर काय रे, येतो येतो कुणीही म्हणतं. कागद हवा.'

मग त्यांनी पोटच्या पोरीला लिहिलं, 'पत्रात नमूद केलेले सहपत्र आढळून आले नाही. कृपया पाठवावे.' मी पोट धरून हसलो. चार दिवसांनी उत्तर आलं, 'सॉरी बाबा. येतेय नक्की. हे घ्या तुमचं सहपत्र.' तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की काका तो मेल उघडायचे, भिंगाखाली तिचं नाव, तारीख, वेळ वाचायचे आणि मला हाक मारून पुन्हा वाचून दाखवायचे. मला त्याचा कंटाळा यायचा, हे आता सांगायला लाज वाटते.

दिवाळीच्या आठ दिवस आधी दोन ओळींचा मेल आला. रजा मिळत नाही, येणं रद्द. सोबत काही जोडलेलं नव्हतं. काकांनी उत्तर दिलं, 'पत्र मिळाले.'

ती पोचायची होती त्या दुपारी मी फराळाचं ताट घेऊन गेलो. काका लॅपटॉपसमोर बसले होते, भिंग तिकिटावर.

'आत्ता उतरली असती बघ,' ते म्हणाले.

'छापून आणून देऊ का ते? निदान जवळ राहील,' मी आपलं काहीतरी बोललो.

'नको रे. वेगळं काढलं की ते नुसतं रद्द झालेलं तिकीट. इथे वर तिने लिहिलंय ना, येतेय नक्की म्हणून.'

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी तो मेल वरपासून त्यांना वाचून दाखवला.