चेप्पु

"तू बाहेरच बस वं. चपला पाह्य. तुमच्या लोकायले त्यातलंच समजते."

गुरुजी असं म्हणाले आणि पोरं हसली. हैदराबादचं अजायबघर, एका नवाबाची जुनी हवेली. आत गालिचे, म्हणून चपला दाराशी काढायच्या. राखायला कोणीतरी हवं. चांभाराची पोर मी एकटीच, मग शोधाशोध कशाला?

आदिलाबादच्या बाजारात माझा बा चपला शिवायचा. सहलीसाठी त्यानं मला नवा जोड शिवला आणि एकच काम सांगितलं, "चित्रातल्या राजायच्या पायात काय हाये, थे पाहून ये. मले सांग."

मी पायरीवर बसले. ऊन सरकलं तशी सरकत राहिले. एकतीस जोड. त्यातले नऊ बाच्या हातचे. त्याचा टाका मी अंधारातही ओळखते. गुरुजींचा जोडही त्यातलाच. ते बाहेर आले, चपलांत पाय घातले, "लय पाह्यलं बाप्पा," म्हणाले आणि चालू लागले.

घरी बानं विचारलं, "काय होतं पायात?"

"लाल मोजड्या."

बा खूश झाला. टाका कसा, टाच कशी, विचारत राहिला. मी थापा मारत राहिले. त्या पायरीपेक्षा हे खोटं जास्त लागलं. अजून लागतं.

तेव्हा नुकतीच राज्यांची वाटणी झाली होती. किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्रात. शाळेत तेलुगूचे नवे सर आले. त्यांना मराठी जेमतेम कळायची. सहलीत काय पाहिलं ते विचारायला ते एकेकाकडे बोट करत आणि म्हणत, "चेप्पु!" पोरं उठून म्हणत, "सुंदर चित्रे पाहिली."

मला तेलुगू यायची ती बाच्या गिऱ्हाइकांकडून कानावर पडलेली. त्यांच्या तोंडी चेप्पु म्हणजे चप्पल. बोट माझ्याकडे आलं. "चेप्पु!" मला वाटलं, सरांना सगळं कळलंय. मी उभी राहिले आणि चपलांचं सांगितलं. कुणाचा अंगठा तुटलाय, कुणाची टाच झिजलीय, बाच्या हातचे किती.

वर्ग खदखदला. चेप्पु म्हणजे 'सांग' असंही होतं, हे तेव्हा कळलं. दारातून गुरुजी ओरडले, "सुंदर चित्रे पाहिली, एवढं म्हन आन बस!"

बाला थाप मारून झाली होती. दुसरी मारायचं त्राण नव्हतं. मी म्हणाले, "मी अंदर गेलीच नाही. गुरुजीनं मले चपलांपाशी बसवलं."

आता कोणी हसलं नाही.

संध्याकाळी बालाही खरं सांगितलं. त्याच्या हातात गुरुजींचाच जोड होता, दुरुस्तीला आलेला. बानं जोड तसाच बाजूला सारला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सहलीवर निबंध लिहायला सांगितला. वर्गात बोलले होते तेच मी वहीत लिहिलं. गुरुजींनी पान फाडलं. मी पुन्हा लिहिलं.

आता म्हातारी झाले. आपलीच माणसं म्हणतात, "झालं गेलं, काऊन उकरून राह्यली?" थकले, हे खरं आहे. त्या अजायबघरात मी अजून पाऊल टाकलेलं नाही. पण 'सुंदर चित्रे पाहिली' हे माझ्या हातून कोणी लिहून घेऊ शकलेलं नाही.

हेही पान फाडा. वहीत अजून पानं आहेत.