वहीतलं 'छान'

शाळेत त्यांना सगळे शिट्टीसर म्हणायचे. खरं नाव हजेरीपटालाच ठाऊक. तीस वर्षं खेळ शिकवला, पण माणूस असा की पोरांना पळायला लावण्याआधी का पळायचं ते फळ्यावर लिहून दाखवणार! 'वहीत आलं की डोक्यात जातं' हे त्यांचं ठाम मत. बायको म्हणायची, "तुमच्या डोक्यात मात्र काही शिरत नाही."

यंदा वरून फर्मान आलं: ताकदीच्या औषधांचे धोके मुलांना शिकवा. दुसरा कुणी असता तर भिंतीवर कागद चिकटवून मोकळा झाला असता. सरांनी आठवडाभर त्यात डोकं घातलं. फळ्यावर औषधांची नावं, पुढे गोळी की इंजेक्शन, ताकद किती दिवसांत वाढते, आणि खाली शरीराचं काय वाटोळं होतं ते. सगळ्यांच्या वह्या तपासून लाल शाईत 'छान' लिहिलं. सगळ्यात नेटकी वही गोळाफेक करणाऱ्या पोरीची. सरांनी ती वर्गभर फिरवली, "शिका जरा हिच्याकडून!"

चार महिन्यांत त्या पोरीचा गोळा दीड मीटर पुढे पडायला लागला. सरांना आभाळ ठेंगणं झालं. दिसेल त्याला सांगत सुटले, "मेहनत म्हणतात ती ही!" तिचा घसा बसलेला असायचा, तर म्हणाले, "मैदानावर किंचाळू नकोस, गरम पाण्याच्या गुळण्या कर." अहो, धडा शिकवणारा माणूस, आणि समोरचं दिसू नये?

मग एके दिवशी पोरीची आई तिला घेऊन आली. शिवणकामावरून तशीच उठून आलेली, गळ्यात मापाची टेप. तिने टेबलावर वही ठेवली आणि शेजारी गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"हिने फोन उचलला की लोक विचारतात, मुलगा बोलतोय का? आता ही फोनच उचलत नाही, सर. हिने दुकानदाराला वहीतलं नाव दाखवलं. खाली तुमचं 'छान' होतं. त्याने काही न विचारता गोळ्या दिल्या."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर सरांना परवडलं असतं, पण बाईने नुसती वही त्यांच्यापुढे सरकवली.

"अगं, धोके लिहून दिले होते ना मी?"

"वाचले होते, सर," पोरगी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण ते होऊ शकतात, असं लिहिलं होतं. ताकद मात्र वाढते, असंच होतं."

सरांनी वही उघडली. शब्द न् शब्द त्यांचाच होता.

"आवाजाचं... डॉक्टरांना विचारू आपण," ते कसंबसं म्हणाले.

"विचारलं," आई म्हणाली. "पहिल्यासारखा होणार नाही म्हणाले."

पोरीने खाली बघत टेबलाची कड नखाने खरवडली. मग हळूच विचारलं, "पण सर, गोळ्या बंद केल्या, तरी माझा गोळा तेवढाच लांब जाईल ना?"