बीटल्स का फुटले?

धरमचंदशेठनी माझं डोकं जेवढं खाल्लं, तेवढं माझ्या नवऱ्यानेही खाल्लेलं नाही. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा चोख मराठी बोलतात. गिऱ्हाईक गादीवर बसून नऊवारी उलगडून बघायचं आणि गल्ल्यामागे बारीक आवाजात इंग्रजी गिटार चालू. "शेठ, भजनाची कॅसेट नाय का?" असं कुणी चुकून विचारलं की रॉकचा निम्मा इतिहास ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

आमच्या साप्ताहिकात ते चाळीसेक वर्षं इंग्रजी संगीतावर लिहितात. जुन्नरात हे वाचतं कोण, असं माझ्या वडिलांनी त्यांना कधी विचारलं नाही, आणि संपादकाची खुर्ची माझ्याकडे आल्यावर मलाही धीर झाला नाही. वाचणारा एक मात्र नक्की होता. आळे गावचे हौशीराम. कांदा आणि द्राक्षं पिकवणारा शेतकरी, तरुणपणी रेडिओ सिलोनवर ही गाणी ऐकून बिघडलेला. शेठच्या पहिल्याच लेखाला त्यांनी असं खरमरीत उत्तर पाठवलं, की वडिलांनी शेजारचा रकाना त्यांना देऊन टाकला. झालं! तेव्हापासून दर बुधवारी दोघे आमच्या कचेरीत चहावर चहा ढोसत भांडत बसायचे.

विषय बहुतेक वेळा एकच. बीटल्स का फुटले? त्या चौघा गाणाऱ्यांपैकी एकाच्या बायकोमुळे फुटले असं लोक म्हणतात. ते दोघांनाही मान्य नव्हतं, आणि त्यांचं एकमत होतं ते तेवढ्यावरच. शेठ म्हणायचे, "मॅनेजर मेला, धंदा बघणारा कुणी उरला नाही. भागीदारी अशीच बुडते." हौशीराम मांडीवर थाप मारून म्हणायचे, "धंदा कसला, राव! भाऊबंदकी व्हती ती. पोरं मोठी झाली, एका चुलीवर कुठवर शिजनार?" एकदा मी मोबाइल समोर ठेवला आणि म्हटलं, दहा मिनिटं बोला, यूट्यूबवर टाकते. मोबाइलची मेमरी भरली, पण यांचं एकोणीसशे सत्तर, म्हणजे बीटल्स फुटले ते साल, काही उजाडलं नाही.

या वैशाखात हौशीराम गेले.

दशक्रियेला घाटावर मांडव भरून माणसं. श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. पतसंस्था, पाणीयोजना, येती निवडणूक, सगळं निघालं. ज्या माणसाने जन्मभर गाण्यांवर लिहिलं, त्याच्या गाण्यांबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही. माझा नुसता संताप होत होता.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बाभळीवर चांगले चार-पाच बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मुलगा सुदर्शन हात जोडून म्हणाला, आईला बघीन. मग म्हणाला, बाग मोडणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. तेव्हा हौशीरामांच्या बायको, चिमाबाई, उठल्या.

"शेठ, म्होरं या. त्यांचा जीव तुमच्यात अडकलाय. त्यांचंच खरं व्हतं, असं म्हना एकदा. जाऊ द्या त्यांना सुखानं."

"वहिनी, आम्हा जैनांत हे पिंडाचं नसतं."

"तुमच्यात नसंल. त्यांच्यात हाय."

"पण वहिनी, त्याचं खरं नव्हतं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. ऊन रणरणत होतं, गुरुजी घड्याळ बघत होते, ती बाई पदर मुठीत घेऊन उभी होती आणि या माणसाला आपला मुद्दा सोडवेना. "शेठ, एक वाक्य म्हटलंत तर तुमचं काय जातं?" मी त्यांच्या कानाशी चिडून म्हटलं.

शेवटी शेठ पुढे झाले. पाठ म्हणणाऱ्या पोरासारखे हात जोडून म्हणाले, "हौशीराम, तुझंच खरं होतं. भाऊबंदकी."

कावळे ढिम्म.

गुरुजींनी आणखी थोडं थांबून दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि विधी पुरा झाल्याचं सांगितलं. चिमाबाईंनी तोंडाला पदर लावला. लोक उठायला लागले, तोच शेठ कडाडले.

"बघितलंत? खोटं बोललो ते ओळखलं त्याने! अरे हौशा, मॅनेजरच रे! शंभरदा सांगितलं तुला. भाऊबंदकी म्हणे! मग आपलं काय? ना तू माझा भाऊ, ना भागीदार. एका शब्दावर कधी जमलं नाही. मग आपण का नाही फुटलो? सांग की! आता का बोलत नाहीस?"

मला रडू येत होतं आणि रागही, कारण असल्या माणसावर धड चिडताही येत नाही.

चिमाबाई पुढे आल्या. "फुटायच्या आदी मान्सं अबोला धरत्यात, शेठ," त्या म्हणाल्या. "तुमी दोगं कवा गप बसलात?"

यावर काहीतरी सुनवायला म्हणून शेठ सवयीने शेजारी हौशीरामांकडे वळले. तिथे सुदर्शन उभा होता. त्याच्याकडे ते बघत राहिले, आणि गप्प बसले.