भुऱ्याची लूत

वच्छलेला दम धरणं ठाऊकच नव्हतं. भात शिजेस्तोवर चारदा झाकण काढून बघणारी बाई. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या तिच्या गावात सगळे तिच्या या घाईची थट्टा करत आणि ती त्यांच्यावरच खेकसे.

चौऱ्याऐंशीच्या चैतात मात्र घाईला कारण होतं. मोहफुलं गळायला लागली होती. पहाटे जंगलात फुलं वेचताना, ती खायला येणाऱ्या अस्वलाचा वास आधी लागे तो तिच्या कुत्र्याला, भुऱ्याला. आणि नेमकी त्याच्याच अंगावर लूत पसरली. पाठीचे केस गेले, कातडी लाल झाली, वर पिसवांचा जाच.

नवरा वारलू म्हणाला, "पोरायले खाज सुटन. त्याले नदीपल्याड सोडून येतो."

वच्छला शेजारच्या सीताबाईकडे धावली.

"कडुनिंबाच्या पाल्यानं धू, करंजीचं तेल लाव," सीताबाई म्हणाली. "त्याची बसाची जागा झाडून काढ. अन् महिनाभर दम धर."

"महिनाभर मोहफूल झाडाले लटकून राह्यते का, बाई?"

तरी तिनं ते सुरू केलं. पिसवा कमी झाल्या, खाजवणंही उतरलं. पण केस येईनात. ती दिवसातून दहादा त्याची पाठ चाचपून बघे. वारलू दोरी शोधायला लागला तशी तिला सीताफळाच्या बिया आठवल्या. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की पूड डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे फडक्यानं बांधून ती त्यांच्या केसांत बियांची पूड चोळत असे. पोरींना चालतं ते कुत्र्याला का चालू नये?

तिनं बिया वाटल्या, लुगड्याची पट्टी भुऱ्याच्या डोळ्यांवर बांधली आणि मानेपासून शेपटीपर्यंत पूड रगडली. पोरगी दटावली की गप बसते. भुऱ्या कशाला बसतोय! त्यानं पंजानं पट्टी ओढली, पुडीनं माखलेला तोच पंजा डोळ्यांवर घासला आणि केकाटत जंगलाकडे पळाला.

ती त्याच्यामागे अनवाणी धावली. हाका मारून घसा बसला. उन्हं कलताना तो नाल्याच्या चिखलात तोंड घासताना सापडला. ती ओंजळी भरभरून पाणी मारत राहिली. उजवा डोळा उघडला. डावा पुढे पांढरा झाला तो कायमचा.

वारलू दोरी घेऊन उभा राहिला. "आता हा काना काय कामाचा?"

"त्याले काना मीनं केलं," वच्छला रडत ओरडली. "सोडाचा असन तं मलेबी सोडून ये!"

वारलूनं दोरी खुंटीला अडकवली.

मग पुन्हा कडुनिंब, पुन्हा करंजीचं तेल. वैशाखात केस उगवले, सीताबाईनं सांगितल्यासारखेच. पण वच्छलेचा हात जवळ आला की भुऱ्या अंग चोरून मागे सरके. तेलाची वाटी घेऊन ती अंगणात बसे. चुलीवर भात करपला तरी उठत नसे. तो आपणहून येईपर्यंत ती हात पुढे करून तशीच बसून राही.